दुसरीतले मूल वाचते का, हे आईला कोण सांगणार?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. वेळेवर शाळेत येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्या जोडीला तेथे आणखी एक कर्तव्य आहे. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता आणि त्याची प्रगती यांची माहिती त्यांना द्यायची आहे. म्हणजे आपले मूल काय शिकले हे कळणे हा २०१० पासून पालकांचा कायदेशीर हक्क आहे. याच कायद्यातील पंचवीस टक्के जागांच्या तरतुदीवर न्यायालयीन लढाया झाल्या. नापास न करण्याच्या धोरणावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि २०१९ मध्ये दुरुस्तीही झाली. कलम २४ मधील ही ओळ मात्र निर्विवाद राहिली आणि म्हणूनच दुर्लक्षितही.

या हक्काची खरी कसोटी दुसरीच्या वर्गात लागते. पहिलीचे वर्ष शाळेची सवय होण्यात आणि अक्षरओळखीत जाते. तिसरीपासून पाठ्यपुस्तक मुलाला वाचता येते असे गृहीत धरूनच पुढे सरकते. गणितातले शाब्दिक उदाहरण काय किंवा परिसर अभ्यासाचा धडा काय, दोन्ही वाचनावर उभे असतात. मागे पडलेल्या मुलाला थोड्या श्रमांत बरोबरीला आणता येईल असे दुसरी हे बहुधा अखेरचे वर्ष. केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने जुलै २०२१ मध्ये या वर्गासाठी स्पष्ट उद्दिष्टे ठरवली: अपरिचित मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने समजून वाचणे, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे आणि ९९ पर्यंतची वजाबाकी. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीतील २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. ही सुधारणा खरी आहे आणि शिक्षकांना तिचे श्रेय दिलेच पाहिजे. तरीही चारांपैकी तीन मुले अद्याप मागेच आहेत. खासगी शाळांतही असे वाचू शकणारी तिसरीतील मुले निम्म्याहून कमीच भरतात.

या तीन मुलांच्या पालकांना आपले मूल मागे आहे हे ठाऊक आहे काय? बहुतेकांना नाही, असेच म्हणावे लागते. वही सुवाच्य असते, पण तिच्यातला मजकूर फळ्यावरून उतरवलेला असतो. कविता पाठ असते, पण पुस्तक मिटले तरी ती तशीच म्हणता येते. प्रगतिपुस्तकावर ‘ब’ श्रेणी असते. तिचा अर्थ शिक्षकाला उमगतो, वीटभट्टीवर राबणाऱ्या बापाला नाही. स्वस्त शुल्काच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तर ही दरी आणखी रुंद होते, कारण ज्या भाषेत मूल शिकते ती भाषा घरात कोणालाच येत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे विल्यम ॲडम याचे अहवाल आठवतात. १८३५ ते १८३८ या काळात त्याने बंगाल आणि बिहारमधील देशी शाळांची पाहणी केली. त्या पाठशाळांत मूल प्रथम जमिनीवर काडीने अक्षरे गिरवी, मग ताडपत्रावर लिही, पुढे केळीच्या पानावर आणि शेवटी कागदावर. मुलाच्या हातात काय आहे एवढे पाहिले की ते कोठवर आले हे निरक्षर आईलाही कळत असे. त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचे कारण नाही. मुलींना आणि समाजाच्या मोठ्या भागाला तिची दारे बंद होती. पण तिथली प्रगती डोळ्यांना दिसणारी होती, हे खरे. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर शिक्षण खाती आली, निरीक्षक आले, तक्ते आले, आणि मुलाच्या प्रगतीची माहिती गावातून वर जाऊ लागली. आज ती पोर्टलवर जाते, इतकाच फरक. शिक्षणाच्या अनेक आढावा बैठकांत मी बसलो आहे. किती शाळांनी माहिती भरली हे तेथे हमखास विचारले जाई. ती मुलाच्या घरी पोहोचली का, हा विषय क्वचितच निघे.

मात्र नुसती माहिती दिली की काम झाले, हा समजही चुकीचा आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत लोकांना ग्राम शिक्षण समितीची माहिती दिली गेली. काही गावांत त्याशिवाय गावकऱ्यांनी स्वतः मुलांची वाचनचाचणी घेऊन गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. या दोन्ही उपायांनी पालकांचा सहभाग वाढला नाही, की मुलांचे शिक्षणही सुधारले नाही. जेथे स्थानिक स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचे तंत्र दिले गेले, तेथे वाचनवर्गाला आलेली मुले पुढे सरकली. यातून मी घेतलेला बोध असा: आपण काय करू शकतो हे न सांगता दिलेली माहिती पालकांना हतबल करते. त्यातून उद्भवते ती चिंता, आणि तिचा शेवट पुष्कळदा मुलाच्या पाठीवर होतो.

आपल्याच सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत याचा एक चांगला नमुना आहे. माता व बालसंरक्षण कार्ड आईजवळ राहते. त्यात लसींच्या तारखा असतात आणि बाळाच्या वजनाची रेषा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात आहे हे दिसते. रेषा घसरली तर काय खाऊ घालावे आणि कोठे जावे हे अंगणवाडी सेविका सांगते. अक्षरशत्रू आईला वजनाचा आलेख समजेल असा विश्वास राज्यसंस्थेने ठेवला. वाचनाच्या बाबतीत तोच विश्वास का दाखवू नये?

दुसरीच्या प्रत्येक मुलासाठी असेच एक कार्ड असावे. त्यावर चारच गोष्टी असाव्यात: अक्षरे व शब्द, परिच्छेद वाचून समजणे, संख्या, वजाबाकी. दर दोन महिन्यांनी शिक्षकांनी पालकासमोर मुलाला वाचायला लावावे. अडखळणे आणि सरसर वाचणे यांतला फरक ओळखायला कानच पुरेसे असतात. मग खूण करावी आणि पुढच्या दोन महिन्यांत घरी करण्याजोगी एकच गोष्ट घरच्या बोलीत सांगावी. कार्डावर क्रमांक नसावा. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या खुणेशी व्हावी. ते कार्ड कुटुंबाकडेच राहिले, तर ऊसतोडीसाठी बीडहून कर्नाटकात गेलेल्या मुलाची प्रगती त्याच्याबरोबरच प्रवास करील आणि तिथल्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सुरुवात कोठून करायची हे कळेल.

शिक्षकांवर आधीच कामाचा भार आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हे कार्ड जादा काम म्हणून येता कामा नये. त्याच्या बदल्यात दुसरीच्या मूल्यमापनाची इतर कागदपत्रे रद्द झाली पाहिजेत. पालक येत नाहीत, हा दुसरा आक्षेप. दुपारी अकराच्या सभेसाठी एक दिवसाची मजुरी कोण सोडील? दिल्लीच्या सरकारी शाळांनी २०१६ पासून व्यापक पालक-शिक्षक सभा सुरू केल्या, महाराष्ट्राने शाळापूर्व तयारीसाठी मातांचे गट उभे केले. वेळ आणि विषय सोयीचा असला की पालक येतात, असाच या दोहोंचा अर्थ आहे. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असावेत असे कायदा सांगतो. सभेची वेळ ठरवण्याचे काम या समितीला देता येईल.

तपासणीची पद्धतही बदलावी लागेल. गटशिक्षणाधिकाऱ्याने शाळेला भेट दिली की नोंदवही उघडण्याआधी गावातील पाच पालकांना गाठावे आणि विचारावे, ‘तुमचे मूल काय वाचू शकते? तुम्हाला काय करायला सांगितले आहे?’ ती उत्तरेच अहवालात जावीत.

‘निपुण भारत’ची मुदत २०२६-२७ ची आहे. तेव्हा राज्ये केंद्राला आकडे सादर करतील. तोपर्यंत दुसरीतल्या प्रत्येक मुलाच्या घरीही त्याचा हिशेब पोहोचावा. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. कलम २४ अमलात आणणारा एक शासन निर्णय पुरे.