म्हादईचे पाणी आणि पक्षांच्या दोन भाषा

म्हादईचा विषय निघाला की गोव्यातील राजकीय पक्षांची समाजमाध्यमांवरील खाती तापतात. भाजप सरकारने नदीचा सौदा केला, असा काँग्रेसचा आरोप असतो; कर्नाटकातील आपल्याच सरकारला आधी आवरा, असा भाजपचा प्रतिटोला.

घाटापलीकडे मात्र याच पक्षांची भाषा बदलते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सुधारित अहवालाला मान्यता दिली, तेव्हा कर्नाटकातील तत्कालीन भाजप सरकारने ते आपले यश मानले. भाजपचेच सरकार असलेल्या गोव्यात त्याच मान्यतेविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये विधानसभेला ठराव करावा लागला. मे २०२३ मध्ये कर्नाटकात काँग्रेस सत्तेवर आली आणि केंद्र परवानग्या अडवते, ही तिची तक्रार झाली.

या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला पडतो. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातील ३.९ टीएमसी या प्रकल्पाद्वारे खोऱ्याबाहेर वळवायचे आहे. तसे झाल्यास उन्हाळ्यात सत्तरीतील नदीकाठाचे आणि म्हादई अभयारण्याचे काय होणार, हे अशा शेरेबाजीतून कळत नाही.

प्रतिस्पर्ध्याला जाब विचारणे सोपे असते. शेजारच्या राज्यातील स्वपक्षीयांना तोच जाब तितक्याच उघडपणे विचारला जातो का, यावरच गोमंतकीय मतदाराने या आरोपांचे वजन ठरवावे.