ऐतिहासिक वास्तूंची नाडीपरीक्षा

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की दक्षिण मुंबईतील अतिधोकादायक इमारतींची यादी म्हाडाकडून जाहीर होते. रहिवाशांना नोटिसा बजावल्या जातात, काही जण घर सोडतात, बरेच जण जीव मुठीत धरून तेथेच राहतात आणि पाऊस सरला की यादीही विस्मरणात जाते. धोका एखाद्या वारसा वास्तूला असला तर प्रश्न अधिकच बिकट होतो. सामान्य इमारत पाडून तिच्या जागी दुसरी बांधता येते. दीडशे वर्षांपूर्वीची वास्तू पाडली की तो ठेवा कायमचा जातो. उलट ती राखण्याच्या हट्टापायी एखादा मजला कोसळला, तर माणसे दगावतात. म्हणूनच असा निर्णय कोणत्या पुराव्याच्या आधारे घेतला जातो, हा प्रश्न केवळ वारसाप्रेमींचा राहत नाही.

काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन हे याचे बोलके उदाहरण होय. एकेकाळचे हे वॉटसन हॉटेल. इंग्लंडमध्ये घडवलेला त्याचा लोखंडी सांगाडा जहाजाने मुंबईत आणून १८६० च्या दशकाच्या अखेरीस येथे उभारण्यात आला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच वास्तूत झाला. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा बळी गेला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील शंभर संकटग्रस्त वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश केला. २०१८ मध्ये पुन्हा सज्जाचा भाग पडला आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली. पुढे न्यायालयासमोर आलेल्या दुसऱ्या तज्ज्ञ अहवालाने मात्र दुरुस्ती करून ती वाचवता येईल, असे मत दिले.

इमारत एक आणि तज्ज्ञमते दोन, हे पाहून सामान्य नागरिक गोंधळून जातो. तथापि अशा मतभेदात कोणाचे तरी अज्ञान वा लबाडीच असते, असे मानण्याचे कारण नाही. 'धोकादायक' या एका शब्दात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात: आज वास्तूची अवस्था काय आहे, ती किती वेगाने बिघडते आहे आणि दुरुस्तीचा खर्च कोणी व किती सोसायचा. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर तपासणी देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यासाठी दीर्घकाळ मोजमाप करावे लागते. तिसरा प्रश्न तर अभियांत्रिकीचा नव्हेच. एकदाच केलेल्या तपासणीतून या तिन्हींची उत्तरे काढली जातात, तेव्हा वाद अटळ ठरतो.

त्यातही तपासणीची साधने हा स्वतंत्र विषय आहे. शहरातील नेहमीच्या 'स्ट्रक्चरल ऑडिट'मध्ये रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी यांचा सर्रास वापर होतो. पहिल्यात पृष्ठभागावर आपटलेला हातोडा किती उसळतो यावरून, तर दुसऱ्यात ध्वनिलहरी किती वेगाने आरपार जातात यावरून बांधकामाच्या ताकदीचा अंदाज बांधला जातो. वास्तूला धक्का न लावता होणाऱ्या या चाचण्या उपयुक्त आहेत; पण त्यांचे कोष्टक प्रामुख्याने सिमेंट काँक्रीटसाठी तयार झालेले आहे. जुन्या वास्तूत काँक्रीट नसतेच. तेथे चुन्यातले दगडी वा विटांचे बांधकाम असते आणि जाड भिंतीच्या दोन नीटस पदरांमध्ये अनेकदा दगडगोट्यांचा सैल भराव असतो. दर्शनी दगड हातोड्याला खणखणीत उत्तर देतो, आतला भराव मात्र पोकळ झालेला असू शकतो. शिवाय चुन्याचे बांधकाम काँक्रीटपेक्षा मऊ असते. काँक्रीटच्या फूटपट्टीने मोजले, तर धडधाकट भिंतही नापास होण्याची शक्यता असते.

चुना, लाकूड आणि लोखंड यांच्यासाठी वेगळी साधने आहेत. जमीनभेदी रडारच्या लहरी भिंतीत सोडून आतील पोकळी आणि दडलेले लोखंड शोधता येते. मात्र ओल आणि क्षार जास्त असले की या लहरी फार खोल जात नाहीत, हे मुंबईच्या दमट हवेत ध्यानात ठेवावे लागते. अवरक्त कॅमेरा पृष्ठभागाच्या तापमानातील फरकावरून गिलाव्यामागची ओल आणि सुटलेले थर दाखवतो. लाकडी तुळईत अगदी बारीक सुई फिरवत नेली, की तिला होणाऱ्या विरोधावरून वाळवीने पोखरलेला भाग कळतो. भिंतीवर प्रत्यक्षात किती भार आहे हे पाहायचे असेल, तर दोन थरांमधील चुन्यात पातळ खाच पाडून तीत सपाट जॅक बसवतात आणि खाचेमुळे जवळ आलेल्या कडा पूर्ववत होईपर्यंत दाब देतात. तो दाब म्हणजेच भिंतीवरील ताण. काम झाल्यावर खाच पुन्हा चुन्याने भरली जाते. यांपैकी कोणतीही एक चाचणी पुरेशी नसते. दोन-तीन पद्धतींचे निष्कर्ष जुळले, तरच त्यावर विसंबता येते.

परंतु सर्व चाचण्या नीट केल्या तरी त्या एका दिवसाची स्थिती सांगतात. भेग शंभर वर्षांपूर्वीची आणि निवांत आहे, की गेल्या दोन पावसाळ्यांत रुंदावली आहे, हे त्यातून कळत नाही. पूर्वीचे गवंडी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवत. काच तडकली की भिंत हलते आहे, हे उघड होई. आजचे भेगमापक, कलमापक आणि कंपनमापक तेच काम मिलिमीटरच्या अंशापर्यंत आणि अहोरात्र करतात. मात्र उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भेगा स्वाभाविकपणेच उघडतात, मिटतात. हा ऋतुचक्राचा भाग वजा करून खरी हालचाल ओळखायची, तर निदान एक-दोन वर्षांच्या नोंदी हाताशी हव्यात.

या नोंदींचे मोल इटलीला फार मोठी किंमत देऊन कळले. पाविया शहरातील शतकानुशतके उभा असलेला नागरी मनोरा १७ मार्च १९८९ रोजी अचानक कोसळून चौघांचा मृत्यू झाला. भूकंप झाला नव्हता, वादळाचेही निमित्त नव्हते. सतत स्वतःचाच भार सोसणाऱ्या जुन्या बांधकामात बारीक तडे हळूहळू वाढत जातात आणि एके दिवशी ते दगा देते, असे पुढील संशोधनातून पुढे आले. या दुर्घटनेचा धसका घेऊन जानेवारी १९९० मध्ये पिसाचा झुकता मनोरा पर्यटकांसाठी बंद करण्यात आला आणि तो सावरण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९९३ मध्ये मनोऱ्याच्या उत्तर बाजूस शिशाची वजने ठेवली गेली. ती हटवून जमिनीखालून ताण देण्याची व्यवस्था करण्यासाठी सप्टेंबर १९९५ मध्ये पायालगतची जमीन गोठवण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मनोरा दक्षिणेकडे नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने कलू लागला. डोळ्यांना ते दिसणे शक्यच नव्हते. मापकांनी ते दाखवले. काम तातडीने थांबवून वजने वाढवली गेली. पुढे उत्तरेकडील पायाखालची माती थोडी थोडी काढून कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी करण्यात आला आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला. वाचवणाऱ्यांच्याच चुकीपासून मनोऱ्याला वाचवले ते या अखंड नोंदींनी.

मुंबईलाही याचा अनुभव नाही असे नव्हे. मेट्रो-३ चे काम सुरू असताना २०१७ मध्ये दादाभाई नौरोजी मार्गावरील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या वास्तूच्या शिखराचा तुकडा निखळला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, परिसरातील काम काही काळ थांबले आणि तज्ज्ञांच्या शिफारशींनंतर, कंपनांवर लक्ष ठेवण्याच्या अटीसह ते पुन्हा सुरू झाले. कंपन किती असावे याला जगभर मानके आहेत. जर्मन मानकानुसार संवेदनशील वारसा वास्तूच्या पायाशी मंद कंपनांसाठी सेकंदाला ३ मिलिमीटर ही मार्गदर्शक मर्यादा मानली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली. बांधकामाच्या काळात ज्या वास्तूंवर मापके बसली, त्यांच्या नोंदी म्हणजे या शहराच्या वारशाचा अनमोल वैद्यकीय इतिहास आहे. तो ठेकेदाराच्या फायलींत पडून राहणार की वास्तूंच्या देखभालीसाठी वापरला जाणार, हा खरा प्रश्न आहे.

या साऱ्यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. माणसांचे जीव टांगणीला असताना दोन वर्षे मोजमाप करीत बसायचे काय? ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला, हे विसरता येत नाही. देखरेख हा रहिवाशांना धोक्यात ठेवण्याचा परवाना होऊ शकत नाही. जेथे शंका गंभीर आहे, तेथे आधी माणसे हलवावीत, टेकू द्यावेत आणि मगच मोजावे. पण केवळ प्रमाणपत्राने जीव वाचतात, हाही भ्रमच. मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पूल कोसळला, तो त्याआधीच्या तपासणीत वापरायोग्य ठरलेला होता. तो पूल वारसा वास्तू नव्हता, परंतु तपासणी कागदोपत्री उरकली की काय घडते, हे त्याने दाखवून दिले.

आणखी एक अडचण हितसंबंधांची आहे. गोठलेल्या भाड्यामुळे मालकाला देखभालीत रस उरत नाही आणि 'पाडा' असा अहवाल आला, तर पुनर्विकासाचे दार उघडते. भाडेकरूला घर गमावण्याची भीती असते, म्हणून त्याला 'दुरुस्त होईल' हे ऐकायचे असते. प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा अहवाल आणू शकते, तेव्हा अहवालापेक्षा त्यामागील मोजमापे महत्त्वाची ठरतात. ती उघड झाली, तर दुसरा तज्ज्ञ ती पडताळू शकतो आणि न्यायालयालाही केवळ मतांमधून निवड करावी लागत नाही.

त्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. वारसा यादीतील प्रत्येक महत्त्वाच्या वास्तूची पायाभूत नोंद, चुना-दगडाच्या बांधकामासाठी वेगळे तपासणी निकष, मोठ्या भेगांवर कायमची मापके आणि चाचण्यांचा तपशील सार्वजनिक करण्याची सक्ती, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलीच्या ९४ इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या दर्जाचा अभिमान बाळगणाऱ्या शहराने पुढच्या पावसाळ्याआधी यांपैकी निदान काही वास्तूंवर मापके बसवावीत. नाही तर एस्प्लनेड मॅन्शनचा वाद दुसऱ्या एखाद्या नावाने पुन्हा न्यायालयाच्या दारात उभा राहील आणि तेव्हाही हाती दोन परस्परविरोधी अहवालच असतील.