पाऊण तासाची किंमत

काल सकाळी ताईकडे गेलो होतो. ताई फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडमध्ये छोटंसं क्लिनिक आहे तिचं. पोहे खाता खाता तिने अपॉइंटमेंटची वहीच समोर टाकली. रोज संध्याकाळी सहा ते नऊ, पाऊण-पाऊण तासाचे चार स्लॉट. आठवड्यात पाच जण आलेच नाहीत. फोन नाही, मेसेज नाही. एका काकांकडे तिने आधी सांगितल्याप्रमाणे ३०० रुपये मागितले, तर उत्तर आलं, "उपचार केलेच नाहीत, मग पैसे कसले?"

मुद्दा बिनतोड वाटतो ना? मलाही क्षणभर वाटला. पण काकांसाठी साडेसातचा स्लॉट ठेवला म्हणून ताईने खांदा आखडलेल्या एका बाईंना "सोमवारी या" सांगितलं होतं. भाजीवाल्याची उरलेली मेथी निदान रात्री स्वस्तात जाते. साडेसातचा स्लॉट सव्वाआठला कोणी फुकटही घेत नाही.

गंमत म्हणजे हेच काका सिनेमा चुकला तर थिएटरवाल्याशी भांडायला जात नाहीत. का? कारण पैसे आधीच गेलेले असतात! माझं मत विचाराल तर चूक इथेच होते. न आलेल्या माणसाकडून नंतर पैसे मागणं म्हणजे वसुली. त्यात पैसेही मिळत नाहीत आणि पेशंटही जातो.

कायद्याचा धाक घालावा म्हटलं, तर करार कायद्याचं (१८७२) कलम ७४ सांगतं की भरपाई वाजवीच मिळेल, तीही ठरलेल्या रकमेच्या आतच. आणि ३०० रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

म्हणून ताईला सुचवलं : पहिल्यांदा चुकलं तर माफ. दुसऱ्यांदा चुकलं तर पुढची वेळ यूपीआयने पैसे आल्यावरच पक्की. आदल्या दिवशी मेसेज, आणि "जमणार नाही" एवढं उत्तर पुरे. रद्द करणं सोपं असेल तर लोक कळवतात. ताप आला, अपघात झाला तर प्रश्नच नाही.

आणि हो, नियम दोन्ही बाजूंना हवा. ॲपवरच्या टॅक्सीसाठी केंद्राने २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सबळ कारणाशिवाय राइड रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये, असं आहे. चालकालाही आणि प्रवाशालाही. मग ताईने पेशंटला अर्धा तास ताटकळत ठेवलं तर तिनेही बिलात सूट द्यावी. हे ऐकून ताईचा चेहरा पडला, पण पटलं तिला :-)

असो. एवढं ज्ञान पाजळून घरी आलो आणि आठवलं, गेल्या महिन्यात रिलीजच्या गडबडीत मी स्वतः डेंटिस्टकडे गेलोच नव्हतो. फोनसुद्धा केला नाही. त्याच्याही वहीत माझ्या नावापुढे रिकामी ओळ असणार.

उद्या फोन करणार आहे. पैसे मागितले तर हुज्जत न घालता देणार. तुमचीही अशी एखादी रिकामी ओळ कुणाच्या वहीत आहे का?