मोठ्या कागदाला आडवी जागा

गिरगावात ठाकूरद्वार नाक्यापासून चिराबाजारापर्यंत जुन्या इमारती एकेक करून रिकाम्या होत आहेत. कुठे पुनर्विकास, तर कुठे पुढची पिढी आधीच बोरिवली-डोंबिवलीला गेलेली. सामान टेम्पोत चढू लागले की सर्वांत शेवटी माळ्यावरून सुरळ्या खाली येतात. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या काकांची चित्रे, मंडळाच्या गणेशोत्सवाची भित्तिपत्रके, इमारतीचे मूळ नकाशे, एखाद्या नाटकाचे पोस्टर, क्वचित रविवर्म्याच्या छापखान्यातली सरस्वती. रबरबँड वितळून कागदाला चिकटलेला असतो. सुरळी उलगडू पाहावी तर कागद ऐकत नाही आणि जोर केला की चिरा जातात. मग ‘आता याचे काय करायचे’ म्हणत ती रद्दीवाल्याच्या तागडीत पडते.

यात घरच्यांची अनास्था आहे, असे मला वाटत नाही. टाकूनच द्यायचे असते तर इतकी वर्षे माळ्यावर कशाला जपले असते? मोठा कागद सपाट, आडवा ठेवायचे साधनच त्यांच्याकडे नव्हते. ते आजही सहजी मिळत नाही. मोठ्या मापाचे, उथळ, एकावर एक रचता येणारे प्लॅस्टिकचे ट्रे मुंबईतच तयार झाले पाहिजेत. मागणी साधी आहे आणि तातडीचीही आहे, कारण इमारती थांबणार नाहीत.

गिरगाव हा मोठ्या कागदाचा मुलूख आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये जवळच कोलभाट गल्लीत सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीची किती तरी मराठी पुस्तके उघडली की ‘कर्नाटक छापखाना, ठाकूरद्वार’ हा पत्ता दिसतो. पुस्तक हातात येते तेव्हा त्याचे पान लहान असते, पण छापला जातो तो पूर्ण ताव, आणि तावाच्या घड्या पडून फर्मा होतो. रविवर्म्याचा शिळाछापखानाही १८९४ मध्ये मुंबईतच सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९७२ मध्ये तिथे आग लागून कारखाना जळाला. छापखान्यात उरले होते त्यातले बरेचसे त्या दिवशी गेले. शिल्लक राहिले ते लोकांच्या भिंतींवरचे आणि माळ्यांवरचे. ज्या चित्रांनी साऱ्या देशाला देवांचे चेहरे दिले, त्यांचा साठा असा घराघरांत विखुरलेला आहे. म्हणून माळ्यावरची सुरळी ही त्या एका कुटुंबाचीच बाब राहत नाही.

सुरळीने कागदाचे नेमके काय होते? कागद तंतूंचा असतो. पावसाळ्यात मुंबईची हवा ओलीचिंब होते तेव्हा तंतू पाणी पिऊन फुगतात, हिवाळ्यात पुन्हा सुकतात. गुंडाळलेल्या अवस्थेत हे वर्षानुवर्षे झाले की वळण कायमचे बसते. ओलिओग्राफवर, म्हणजे रविवर्म्याच्या छापखान्यातल्यासारख्या रंगीत शिळाछापी चित्रावर, शाईचे अनेक थर आणि वर रोगण असते. तो थर कागदाइतका वाकत नाही, म्हणून आधी तडकतो. घडी घातली तर घडीवरच फाटते. लॅमिनेशन करणारे पुष्कळ आहेत. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, आत सापडलेला कागद मात्र पिवळा पडतच राहतो.

मोठे कागद सपाट ठेवण्यासाठी संग्रहालये नकाशांची पोलादी कपाटे वापरतात. उथळ खणांची ती कपाटे उत्तम असतात, पण चाळीच्या लाकडी जिन्यावरून चढत नाहीत आणि दहा बाय बाराच्या खोलीत मावत नाहीत. छोट्या ग्रंथालयाला किंवा उत्सव मंडळाला ती परवडणारीही नाहीत. ट्रे एकेक करून विकत घेता येतो, वर नेता येतो, पलंगाखाली सरकवता येतो आणि घर सोडताना कागदांसकट तसाच उचलता येतो. हा शेवटचा गुण आज गिरगावात सर्वांत मोलाचा आहे.

आता मापे. सुदैवाने एकच माप पुष्कळ कामे करते. छपाईचे ताव २० बाय ३० इंची आणि २३ बाय ३६ इंची, चित्रकलेचा पूर्ण इम्पीरियल २२ बाय ३० इंची, मोठे ओलिओग्राफ साधारण २० बाय २८ इंची, आणि वास्तुविशारदांचा ए-वन नकाशा ५९.४ बाय ८४.१ सेंटिमीटरचा. आतून ६२ बाय ९४ सेंटिमीटरचा ट्रे केला तर हे पाचही प्रकार त्यात सपाट बसतात. सिनेमाचे ३० बाय ४० इंची पोस्टर बसत नाही, ए-झिरोही नाही. त्या दोहोंसाठी सगळ्यांचा ट्रे मोठा करू नये, नाहीतर पुन्हा दाराशीच अडेल. आतली खोली तीन सेंटिमीटर पुरे. जास्त खोल केला की माणूस ठासून भरतो आणि खालचा एक कागद काढायला वरचे शंभर उपसतो.

खरा प्रश्न झोळाचा आहे. २३ बाय ३६ चा १२० जीएसएमचा एक ताव ६४ ग्रॅम भरतो, म्हणजे शंभर ताव जवळजवळ साडेसहा किलो. वजन फार नाही, पण ते बारा महिने चोवीस तास तिथेच असते, आणि प्लॅस्टिक कायमच्या भाराखाली हळूहळू वाकत जाते, उन्हाळ्यात अधिकच. तळ वाकला की त्यावरचा कागदही तोच बाक घेतो आणि सुरळीची तक्रार निराळ्या रूपात परत येते. आधाराशिवायचे अंतर दुप्पट झाले की झोळ सोळापट होतो. उलट, ९४ सेंटिमीटरच्या लांबीत तळाखाली ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या पट्ट्या समान अंतरावर घातल्या तर अंतर एक तृतीयांशावर येते आणि झोळ हिशेबाने ऐंशीपटीने घटतो. खिडक्या करणाऱ्या कोणाही कारागिराकडे अशा पट्ट्या मिळतात.

एवढा मोठा ट्रे इंजेक्शन मोल्डिंगने एकसंध काढायचा तर हजार टनांहून मोठे मशीन लागेल आणि त्याची डाय, म्हणजे साचा, छोट्या कारखानदाराला झेपणार नाही. बहुधा इथेच आजवर अनेकांनी विचार सोडून दिला असावा. पण ट्रे एकसंध असायची गरजच नाही. साच्यातून फक्त कोपरे काढावेत. ते मुठीएवढे असतात, लहान मशीनवर निघतात, डायही लहान. कोपऱ्याच्या वर खुंटी आणि खाली तिच्याच मापाची खाच ठेवली की वरच्या ट्रेचे वजन कोपऱ्यातून कोपऱ्यात उतरत जमिनीवर जाते. खालच्या कागदांवर त्याचा भार पडत नाही. बाजूंना सरळ पट्ट्या, तळाला बोर्डवाले सनपॅक म्हणून वापरतात तो पन्हाळी पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा. तोंड आखूड बाजूला उघडे असावे आणि तिथली कड अर्ध्या इंचाच्या आत. कागद पकडून ओढायचा नाही. तो फोल्डरमध्ये ठेवायचा आणि फोल्डर सरकवायचा. या एका सवयीने निम्मे कोपरे फाटायचे वाचतील.

प्लॅस्टिक कोणते, याबाबत तडजोड नको. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन कागदाला निरुपद्रवी आहेत. पीव्हीसी नाही, ते जुने होताना आम्ल सोडते, आणि सनबोर्ड म्हणून विकला जाणारा पांढरा हलका बोर्ड पीव्हीसीचाच असतो. सनपॅक आणि सनबोर्ड या नावांत दुकानावर गोंधळ होतो, तेव्हा विचारूनच घ्यावे. भंगारातून वितळवलेला दाणाही नको, त्यात काय मिसळले आहे हे कोणी सांगू शकत नाही. बाजूच्या पट्ट्यांना हवेची बारीक छिद्रे हवीत. घट्ट झाकणाच्या डब्यात जुलैची ओल अडकली की बुरशी धरते. सर्वांत खालचा ट्रे जमिनीपासून चार बोटे उंच असावा. तळमजल्यावर राहणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको. आणि इमारतीचे जुने अमोनिया प्रिंट चित्रांच्या ट्रेत कधीच ठेवू नयेत. त्यातली रसायने शेजारच्या कागदाला डाग पाडतात. त्यांना वेगळा ट्रे द्यावा.

हे काम कोणी करावे? पवईच्या आयआयटीतले औद्योगिक अभिकल्प केंद्र (आयडीसी) १९६९ पासून आहे, जे. जे. तर १८५७ पासून. मोठ्या कागदाची अडचण जे. जे.च्या विद्यार्थ्याइतकी कोणाला ठाऊक असेल? वर्षभराचे काम त्याच्याच पलंगाखाली पडलेले असते. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना हा विषय प्रकल्प म्हणून द्यावा. सरकारने सार्वजनिक ग्रंथालयांना कपाटांच्या जोडीने अशा ट्रेसाठीही अनुदान द्यावे. शेकडो ग्रंथालयांची मागणी दिसली की डाय करायला कारखानदार आपणहून पुढे येईल.

डायच्या आधी मात्र नमुना हवा. कोपरे थ्री-डी प्रिंटरवर काढून सहा ट्रे मेअखेर उभे करावेत, कोऱ्या तावांनी पूर्ण भरावेत आणि गिरगावातल्याच एखाद्या तळमजल्याच्या खोलीत पावसाळाभर ठेवावेत. ऑक्टोबरात प्रत्येक तळाखाली दोरी ताणून झोळ मोजावा. तो तीन मिलिमीटरच्या वर भरला तर तिसरी पट्टी घालावी आणि मगच डायचे काम सांगावे.