गुंगी द्यायची, तर श्वास सांभाळता यायला हवा

चार वर्षांच्या मुलाचे सहा-सात दुधाचे दात किडलेले आहेत, रात्री ठणका लागतो आणि दवाखान्यातल्या खुर्चीवर बसवताच ते तोंड घट्ट मिटून घेते. अशा वेळी दातांच्या डॉक्टरांपुढे फार वाटा नसतात. मुलाला धरून-दाबून काम उरकायचे, मोठ्या रुग्णालयात पूर्ण भूल देऊन सगळे दात एकदम करून घ्यायचे, किंवा आपल्याच दवाखान्यात औषध देऊन गुंगी आणायची. पहिल्या वाटेने मुलाच्या मनात दवाखान्याची धास्ती बसते, दुसरी खर्चाची आणि अनेकांना दूरची असते. म्हणून तिसरी पालकांनाही बरी वाटते आणि डॉक्टरांनाही. भारतातल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते, हे पाहता या वाटेने जाणारे कमी होणार नाहीत. त्या वाटेला माझा विरोध नाही. मुलाने महिनोन् महिने ठणका सोसण्यापेक्षा ती केव्हाही चांगली. मात्र तिला एक अट हवी आणि त्या अटीत सूट नको. गुंगीत मुलाचा श्वास अडला, तर त्याच खोलीतल्या माणसांना तो लगेच पूर्ववत करता आला पाहिजे. त्यासाठी मुलांच्या आणीबाणीतील जीवरक्षणाचे, ‘पॅल्स’ नावाने ओळखले जाणारे प्रशिक्षण गुंगी देणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याला सक्तीचे असावे.

‘आम्ही हलकीच गुंगी देतो’ हे वाक्य पालकांना धीर देण्यासाठी नेहमी वापरले जाते. ते खोटे नसते, पण अपुरे असते. हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यामध्ये भिंती नाहीत. एकातून दुसरीत मूल कधी सरकले ते कळतही नाही. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा वजनावरून मोजलेला तोच डोस एका मुलाला नुसते शांत करतो, दुसऱ्याला हाकेला ओ न देण्याइतके झोपवतो. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि बालदंतवैद्य यांच्या संघटनांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांचे मूळ तत्त्व असे आहे की, जेवढी गुंगी द्यायचा बेत आहे तिच्यापेक्षा एक पायरी खोल गेलेल्या मुलाला सावरण्याची तयारी आधीच असली पाहिजे. त्यात दंतवैद्याचे काम चालते तेच मुळी श्वासाच्या वाटेवर. तोंडात पाण्याचा फवारा, कापसाचे बोळे, जबडा उघडा ठेवणारा ठोकळा, मागे कललेली मान आणि ढिली पडून मागे सरकणारी जीभ, हे सगळे एकाच वेळी असते. शिवाय हिरडीत दिलेले बधिरतेचे इंजेक्शनही हिशेबात धरावे लागते. किलोला ४.४ मिलिग्रॅम ही लिग्नोकेनची बालदंतवैद्यकातली कमाल मर्यादा मानली, तर १५ किलोच्या मुलाला दोन टक्क्यांचे औषध जेमतेम ३.३ मिलिलिटर चालते. दोन्ही जबड्यांचे दात एकाच बैठकीत करायला घेतले, की ही मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते. आणि गुंगीचे औषध पोटात असताना दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळतो.

मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाच्या शरीराची छोटी प्रत नव्हे. वजनाच्या मानाने मुलाला मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो आणि फुप्फुसांतला त्याचा साठा मात्र तोकडा असतो. जीभ तोंडाच्या मानाने मोठी, श्वासनळी अरुंद, आणि या वयात टॉन्सिलही बहुधा वाढलेले. त्यामुळे श्वास अडला की रक्तातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत अनेकदा हृदय आधी थांबते आणि श्वास नंतर. मुलाच्या बाबतीत बहुधा उलटे घडते. श्वास अडतो, प्राणवायू उतरतो, नाडी मंदावते आणि शेवटी हृदय थांबते. या क्रमात धोका आहे तशी संधीही आहे. हृदय थांबण्याआधी हाताशी काही क्षण असतात आणि तेवढ्यात हनुवटी उचलून, मास्क नीट बसवून हाताने दाबायच्या अंबू बॅगने श्वास दिला, तर बहुतेक वेळा प्रसंग तिथेच टळतो. सर्वसामान्य नागरिकांना मोठ्यांसाठी शिकवले जाणारे, फक्त छाती दाबण्याचे तंत्र इथे पुरत नाही. ज्याचा श्वासच अडला आहे, त्याला आधी श्वास द्यावा लागतो.

हा नुसता तर्क नाही. चार्ल्स कोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकेतल्या ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मुलांना दिलेल्या गुंगीतील ९५ गंभीर घटनांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत दातांच्या उपचारांचा लक्षणीय वाटा होता. रुग्णालयात काय घडले आणि रुग्णालयाबाहेरच्या दवाखान्यांत काय घडले, याची त्यांनी तुलना केली. सुरुवात दोन्हीकडे सारखीच होती. सुमारे ८० टक्के घटनांत आधी बिघडला तो श्वास. फरक पडला तो त्यानंतर. रुग्णालयाबाहेरच्या घटनांपैकी ९२.८ टक्क्यांचा शेवट मृत्यूत किंवा मेंदूच्या कायमच्या इजेत झाला, रुग्णालयातल्या घटनांत हे प्रमाण ३७.२ टक्के होते. पुनरुज्जीवनाचे प्रयत्न अपुरे पडल्यामुळे परिणाम बिघडला, असा निष्कर्ष रुग्णालयाबाहेर ५७.१ टक्के घटनांत निघाला, रुग्णालयात अवघ्या २.३ टक्क्यांत. आणि रुग्णालयाबाहेरची मुले आजारी होती असेही नाही. उलट ती वयाने मोठी आणि प्रकृतीने अधिक धडधाकट होती. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. या घटना कळवल्या गेल्या म्हणून कळल्या; हजारात किती मुलांना धोका होतो, हे त्यावरून सांगता येत नाही. पण एकाच प्रकारच्या अडचणीतून एकीकडे मुले अधिक वाचतात आणि दुसरीकडे जातात, हे ते आकडे ठळकपणे सांगतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, १९८० ते २०११ या काळात दातांच्या उपचारांसाठी दिलेल्या गुंगी-भुलेत दगावलेल्या ४४ अमेरिकी मुलांच्या बातम्या तपासल्या गेल्या. त्यांतली २१ मुले दोन ते पाच वर्षांची होती आणि २१ मृत्यू दवाखान्यातल्या उपचारांशी निगडित होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, असे प्रसंग फार क्वचित घडतात. हजारो मुलांना गुंगी दिली जाते आणि ती हसत-खेळत घरी जातात. हे खरे आहे, पण प्रशिक्षणाची गरज नेमकी त्यातूनच निर्माण होते. रोज घडणारी गोष्ट डॉक्टर अनुभवाने शिकतो. वीस वर्षांच्या व्यवसायात एकदाच घडू शकणारी गोष्ट अनुभवाने शिकता येत नाही, कारण पहिला अनुभव हाच शेवटचा ठरू शकतो. ती पुतळ्यावर, सरावातच शिकावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, तर पाणी वेळेवर मिळत नाही. दुसरा आक्षेप यंत्रांचा. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला असताना काळजी कशाची? मुलाला प्राणवायू चालू असेल, तर श्वास थांबल्यावरही काही काळ ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगलाच दिसत राहतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ आधी इशारा देतो, म्हणून खोल गुंगीत तो आवश्यक मानला जातो. तरीही यंत्र फक्त ओरडते. त्या ओरडण्याचा अर्थ लावून हात चालवायचे काम माणसाचेच असते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘आम्ही भूलतज्ज्ञ बोलावतो, मग दंतवैद्याने हे शिकायचे कशाला?’ खोल गुंगी आणि पूर्ण भूल यांसाठी भूलतज्ज्ञ हवाच, यात वाद नाही. पण अमेरिकेतल्या त्याच सूचनांच्या २०१९ च्या आवृत्तीने भूल सांभाळणारी स्वतंत्र व्यक्ती आणि उपचार करणारा दंतवैद्य, दोघांनाही पॅल्स प्रशिक्षण आवश्यक ठरवले. कारण साधे आहे. श्वास अडला की एकाने मास्क दोन्ही हातांनी धरावा लागतो, दुसऱ्याने बॅग दाबावी लागते, तोंडातले रक्त-पाणी सक्शनने काढावे लागते, कोणाला तरी वजनानुसार औषध भरावे लागते, कोणाला वेळ नोंदवावी लागते. भूलतज्ज्ञाला दोनच हात असतात, आणि त्या क्षणी शेजारी उभा दंतवैद्य प्रेक्षक असून चालत नाही. शिवाय तोंडाने दिलेल्या गुंगीच्या औषधासाठी भूलतज्ज्ञ प्रत्येक वेळी बोलावला जाईलच असे नाही. काम संपल्यावर, टोचणे-कोरणे थांबल्यावर, मूल आणखी खोल झोपू शकते. तेव्हा मुलापाशी असते ती दवाखान्यातली मदतनीस. तीही शिकलेली हवी. रुग्णवाहिकेचे उत्तरही इथे लागू पडत नाही. १०८ ला फोन जरूर करावा, पण प्राणवायूवाचून मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात, आणि संध्याकाळच्या गर्दीत कोणत्या शहरात चार मिनिटांत गाडी दारात येते?

चौथा आक्षेप खर्चाचा आणि पोहोचीचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अटी कडक केल्या तर तालुक्याच्या गावातले डॉक्टर गुंगी देणेच सोडतील आणि मुले ठणका सोसत राहतील, असे म्हटले जाते. इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथे २००० सालच्या सरकारी अहवालानंतर दातांच्या दवाखान्यातली पूर्ण भूल बंद झाली आणि ती केवळ रुग्णालयापुरती उरली. मुलांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच होते. पण किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या मुलांची संख्या तिथे आजही मोठी आहे आणि त्यांना वाट पाहावी लागते. म्हणून माझी मागणी बंदीची नाही, प्रशिक्षणाची आहे. बंदीने सोय जाते. प्रशिक्षणाने सोय राहून धोका घटतो. दोन-एक दिवसांचा अभ्यासक्रम, मुलांच्या मापाच्या अंबू बॅग आणि मास्क, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, चालू स्थितीतले सक्शन आणि उताऱ्याची औषधे, एवढ्याचा खर्च डेंटल चेअर आणि एक्स-रे यंत्राच्या मानाने किरकोळ आहे. एवढे करणे ज्याला जमत नाही, त्याने मूल रुग्णालयात पाठवावे. प्रत्येक किडलेल्या दातासाठी गुंगी लागते असेही नाही. गोडीगुलाबीने, दोन-तीन भेटींत विश्वास मिळवून, कीड थोपवणारे औषध लावून किंवा दात न कोरता टोपी बसवूनही पुष्कळ काम होते.

पाचवा आक्षेप प्रामाणिक माणसे घेतात. प्रमाणपत्र भिंतीवर टांगले म्हणजे हात शिकले असे नाही. हे पूर्ण मान्य आहे. पॅल्स हा गुंगी कशी द्यावी हे शिकवणारा अभ्यासक्रम नव्हे, तो त्या प्रशिक्षणाला पर्यायही नव्हे. त्याचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, पण सराव नसेल तर शिकलेले काही महिन्यांतच विसरायला लागते, हे पुनरुज्जीवनाच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. म्हणून प्रमाणपत्र ही सुरुवात मानावी. दर तीन-चार महिन्यांनी आपल्याच दवाखान्यात, आपल्याच खुर्चीवर पुतळा ठेवून, स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तालीम करावी. सिलिंडर कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे, लहान मास्क कोणत्या खणात आहे, खुर्ची पटकन सपाट होते का, फोन कोण करणार, या गोष्टी कोणत्याही शिबिरात कळत नाहीत. त्या तिथल्या तिथेच कळतात. तालमीची तारीख आणि हजेरी नोंदवहीत असावी आणि ती तपासणाऱ्याला दिसावी.

राहिला प्रश्न हे कोणी करायचे याचा. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली गुंगीविषयीच्या पहिल्या सूचना काढल्या, त्या दातांच्या दवाखान्यातल्या बालमृत्यूंनंतर. कॅलिफोर्नियात सहा वर्षांचा एक मुलगा दात काढताना दिलेल्या भुलेत २०१५ साली दगावला. त्याच्या आईवडिलांनी आणि डॉक्टरांनी पाठपुरावा केल्यावर २०१८ साली कायदा झाला आणि २०२२ पासून तो अमलात आला. तेरा वर्षांखालील मुलाला खोल गुंगी किंवा भूल देताना दंतवैद्याखेरीज आणखी किमान दोन माणसे हवीत आणि त्यांतल्या एकाने फक्त मुलाकडे लक्ष द्यावे, असे तो सांगतो. दोन्ही वेळा नियम आले ते मुले गेल्यानंतर. आपल्याला तोवर थांबायचे कारण नाही. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा केला आहे. नियम नव्याने लिहिले जाण्याच्या या काळात मुलांच्या गुंगीसाठी वेगळी परवानगी, तिच्यासाठी पॅल्सची अट आणि गंभीर घटना कळवण्याचे बंधन त्यांत घालता येईल. महाराष्ट्रातल्या दंतवैद्यांच्या राज्य परिषदेने आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी त्यासाठी आयोगाची वाट पाहण्याचीही गरज नाही. सतत शिक्षणाच्या उपक्रमांत हे प्रशिक्षण अग्रक्रमाने घेता येते. आणि पालकांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: गुंगी कोण देणार, उपचार चालू असताना माझ्या मुलाच्या श्वासाकडे फक्त कोण पाहणार, आणि या खोलीतल्या कोणाकोणाचे जीवरक्षणाचे प्रशिक्षण झाले आहे? ज्या दवाखान्यात या प्रश्नांचा राग येतो, तिथे मुलाला गुंगी देऊ देऊ नये.