पाळीवरची सकाळ

सडक अर्जुनीहून सकाळी निघून नवेगावबांधचा तलाव पाहून सायंकाळपूर्वी निवांतपणे परतता येते. गेल्या हिवाळ्यात मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तेथे नेले. वय ब्याऐंशी. पक्षाघातानंतर डावा पाय ओढत चालतात आणि वर्षभर 'हो' किंवा 'नाही' यापलीकडे क्वचितच बोलत. उद्यान, नौकाविहार, पक्षिदर्शन असा भरगच्च बेत मी आखला होता.

तो अर्ध्या तासातच मोडला. मामाजी थकले. काठावर ढिवर बांधव जाळी उलगडत होते. तेथेच घडीची खुर्ची मांडली.

हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. सभोवतालच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. मामाजींचे बालपण अशाच एका मामा तलावाच्या पाळीवर गेले. बराच वेळ जाळ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "मरळ... मिळते का?"

"कमी झाली, बाबूजी. तलावात बेशरम माजली की देशी मासा कुठं राहील?"

मग शब्द अडखळत येऊ लागले: तुडूम, सलंग, शिंगाडे, डोंगा. एका शब्दासाठी ते फार वेळ थांबले. मी तो सुचवणार, तोच त्या ढिवरदादांनी हातानेच मला थांबवले. शब्द आला. वर्षभर मीच त्यांची वाक्ये पूर्ण करीत होते, हे तेव्हा उमगले.

घरी परतल्यावर ते पुन्हा अबोल झाले. सहल म्हणजे औषध नव्हे. परंतु आता मी प्रश्न विचारून थांबते आणि प्रश्न बहुधा तलावाचेच असतात. उत्तर येते.

आपणही ज्येष्ठांना अवश्य बाहेर न्यावे. ठिकाण मात्र त्यांच्या ओळखीचे निवडावे आणि एकच निवडावे. औषधे, पाणी, शाल व घडीची खुर्ची सोबत ठेवावी. स्वच्छतागृहाची सोय आधी विचारून घ्यावी. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होत असल्यास काय व कसे खाऊ घालावे, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर काही देऊ नये. मासळीचे काटे तर विशेष जपावेत. आणि बोलताना त्यांना वेळ द्यावा. आपल्याला रिकामी वाटणारी ती शांतता त्यांच्यासाठी शब्द शोधण्याची असते.