पणजोबांच्या घड्याळाची मोड

धनत्रयोदशी जवळ आली की घरोघरी कपाटाच्या तळाचा डबा निघतो. काळवंडलेल्या वाट्या, तुटकी साखळी, जोडीदार हरवलेला पैंजण, आणि त्यांच्यात कुठेतरी कुणा पूर्वजाचे खिशातले घड्याळ. ‘बंदच तर आहे, वापरतो कोण?’ असे म्हणून तेही मोडीत निघते. जुने देऊन नवे घेण्याला माझी हरकत नाही. पण वाटी आणि घड्याळ एकाच तराजूत घालणाऱ्या या हिशेबाशी माझे भांडण आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कुणी म्हणेल. पण हे नुकसान होते तेच मुळी मुहूर्त पाहून!

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. पणजोबांचे किल्लीचे घड्याळ होते, चांगले जड. एका दिवाळीला धाकट्या बहिणीच्या पैंजणांना चांदी कमी पडली, तेव्हा आईने ते सोनाराकडे दिले. सोनार प्रामाणिक होता. त्याने चांदीची डबी तेवढी उतरवली, वजन चोख केले आणि आतले यंत्र काड्यापेटीत घालून परत पाठवले. ‘यात चांदी नाही,’ म्हणाला.

नव्हतीच. पण पुढे मी भिंग घेऊन त्या यंत्रापुढे बसलो. आत एक शंकूसारखे चाक आणि त्याला गुंडाळायची केसासारखी बारीक पोलादी साखळी. नव्याने किल्ली दिलेली कमान जोरात ओढते, उलगडत आली की ढिली पडते; ती ओढ सारखी राहावी म्हणून शंकूची ही योजना. असल्या साखळ्या इंग्लंडातल्या क्राइस्टचर्च गावी बायका आणि मुले कडी-कडी जोडून करीत. हे सारे आमच्याकडे काड्यापेटीत!

यंत्रावर लिव्हरपूलच्या एका माणसाचे नाव आणि क्रमांक आहे. मला वाटले, झाले काम, आता वर्ष सापडणार. कसले सापडते! असले नाव पुष्कळदा नुसत्या विकणाऱ्याचे असते. कच्चा सांगाडा प्रेस्कॉटला घडे, पुढचे काम दुसरीकडे होई आणि दुकानदार आपले नाव कोरवून घेई. क्रमांक ज्याचा त्याचा, आणि त्यांच्या वह्या बहुतेक नाहीशा झालेल्या. अमेरिकेतल्या वॉल्थम कारखान्याचे घड्याळ असते तर यंत्रावरच्या क्रमांकावरून सुमाराचे वर्ष निघाले असते. इंग्रजी घड्याळाचा जन्मदाखला असतो तो डबीत, आणि डबी तर मुशीत गेली.

चांदीच्या इंग्रजी डबीच्या झाकणात बारीक छाप असतात. पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. जहाजाचा नांगर असला तर ती बर्मिंगहॅमला पारखलेली, तलवार नि गव्हाच्या तीन पेंढ्या असल्या तर चेस्टरला, बिबट्याचे तोंड असले तर लंडनला. शेजारी वर्षाचे अक्षर. ते दर साल बदले, पण प्रत्येक शहराचा क्रम निराळा. म्हणून आधी शहर ओळखावे आणि मग अक्षर वाचावे. आद्याक्षरे असतात ती डबी करणाऱ्याची; हौशी संग्राहक ती घड्याळ करणाऱ्याची समजून फसतात. स्विस डबीवर १८८० च्या कायद्यानंतरचे अस्वल म्हणजे ८७५ भाग चांदी.

याखेरीज झाकणात सुईने ओढल्यासारखे आकडे असतात. दुरुस्तीला आलेल्या घड्याळात घड्याळजी आपली खूण, कधी तारीखही, कोरून ठेवीत. पणजोबांनी ते केव्हा आणि किती वेळा दुरुस्तीला टाकले, याची आमच्या घरातली एवढीच नोंद होती. लहानपणी झाकणात सिंह पाहिल्याचे मला आठवते. अक्षर आठवत नाही.

‘म्हणजे अडीनडीला घड्याळ उराशी धरून बसायचे?’ मुळीच नाही. दुखणे आहे, फी भरायची आहे, तर खुशाल विका. पण सबंध विका. डबी वितळली की उरलेले यंत्र कुणीतरी दुसऱ्याच डबीत बसवतो आणि ‘अस्सल’ म्हणून विकतो. डबीच्या कडेवर स्क्रूच्या खुणा दोनदा उमटलेल्या दिसल्या की समजावे, पहिले यंत्र निराळे होते. (अमेरिकेत मात्र गिऱ्हाईक यंत्र आणि डबी दुकानात वेगवेगळी निवडी, तेव्हा तिथे नावे जुळत नाहीत म्हणून लगेच लबाडी समजू नये.) मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचे झेनिथ घड्याळ त्यांचा चष्मा, चपला आणि ताट-वाटीसह १८ लाख डॉलरला गेले. आपले पणजोबा गांधीजी नव्हते, हे कबूल. पण ते घड्याळही कुणी चांदीच्या भावाने मोजले नाही.

आता गृहिणींकडे एक तक्रार. चांदी लख्ख करण्याच्या हौसेने झाकण आतून घासू नका. चार दिवाळ्यांत सिंहाची शेळी होते आणि अक्षर तर पुसूनच जाते.

तेव्हा यंदा डबा निघेल तेव्हा घड्याळ बाजूला काढा. भिंग घ्या, झाकणातल्या खुणा दिसतील तशा कागदावर उतरवा, यंत्रावरचे नाव आणि क्रमांक लिहा, ते कुणाचे होते तेही आजीला विचारून लिहा आणि कागद घड्याळाबरोबरच ठेवा. झाकण उघडत नसेल तर चाकू घालू नका. घड्याळजीकडे न्या, आणि तो उघडीत असताना समोर उभे राहा.